कुबड्या खवीस ते वाघोबा : मुलांच्या भयकथांमधल्या छुप्या गमती नेमकं काय सांगतात?

१९९३ मध्ये दोन बाहुले जिवंत झाले. एक महाराष्ट्रात, एक अमेरिकेत.

आपला अर्थातच तात्या विंचू. त्या वर्षी एप्रिलमध्ये महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला आणि तेव्हापासून मराठी घरांतली एकही पिढी या बाहुल्याला चुकवू शकलेली नाही. त्याच वर्षी अमेरिकेत आर. एल. स्टाईन यांच्या 'गूजबम्प्स' या मुलांच्या भयकथामालिकेत स्लॅपी नावाचा बोलका बाहुला अवतरला. तात्याला जिवंत राहायला मृत्युंजय मंत्र लागतो, तर स्लॅपीला जागं करायला त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरचे अगम्य शब्द मोठ्यानं वाचावे लागतात. एकानं दुसऱ्याची नक्कल केल्याचं कुठेही दिसत नाही. तरीही दोघांना शेजारी ठेवून पाहिलं की चाहत्यांना भलताच आनंद होतो.

हा आनंद कसला? सिनेमा पाहून झाला, पुस्तक वाचून झालं, तरी 'याचं नाव असं का?', 'हे कुठून आलं?', 'हा टोमणा कुणाला होता?' असं खोदत बसणाऱ्यांची संख्या कमी नाही. मुलांसाठीच्या भयकथांच्या बाबतीत तर ही खोदाई आणखी रंगते. या गमती कशा चालतात, त्यातला एक धागा थेट जुन्नरच्या नाणेघाटापर्यंत कसा पोहोचतो आणि बिबट्याच्या सावटाखाली राहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या मुलांसाठी हा विषय निव्वळ टाइमपास का नाही, ते समजून घेऊ.

'ईस्टर एग' म्हणजे काय?

कथेत, सिनेमात किंवा गेममध्ये जाणकारालाच कळेल अशी लपवून ठेवलेली खूण म्हणजे 'ईस्टर एग'. हा शब्द रूढ झाला तो व्हिडीओ गेममुळे. अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावं छापत नसे. म्हणून १९८० मध्ये आलेल्या 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरनं एक गुप्त खोली तयार केली आणि तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. गेम बाजारात गेल्यावर एका मुलानं ती खोली शोधून काढली. म्हणजे पहिल्या गाजलेल्या 'ईस्टर एग'च्या मुळाशी श्रेय नाकारल्याचा राग होता आणि त्याचा शोध लावणारा एक मुलगा होता.

भयकथेत अशी खूण दोन कामं करते. ज्याला ती कळत नाही, तो नेहमीसारखा घाबरतो. ज्याला कळते, तो घाबरता घाबरता हसतो. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डमी' हे स्लॅपीच्या पुस्तकाचं नाव पाहा. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमाच्या नावावर केलेली ती कोटी आहे. दहा वर्षांच्या वाचकाला ती कळण्याची गरज नाही. त्याच्या बाबांना कळली की त्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि मग मुलगा विचारतो, 'काय झालं हसायला?' खूण एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती अशी.

तात्या विंचूच्या खानदानात कोण कोण?

'झपाटलेला'चं मूळ १९८८ च्या 'चाईल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमात आहे, हे आता गुपित राहिलेलं नाही. मरता मरता गुन्हेगार मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, हा सांगाडा तिथला. पण नावांकडे नीट पाहिलं की दोन्हीकडची गंमत वेगळी आहे हे कळतं.

अमेरिकी बाहुला चकी याचं माणसातलं नाव चार्ल्स ली रे. हे नाव तीन कुप्रसिद्ध माणसांच्या नावांचे तुकडे जोडून बनलं आहे : चार्ल्स मॅन्सन, ली हार्वे ओस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे. अमेरिकी प्रेक्षकाला ही नावं बातम्यांमधून माहीत होती. त्याला भीती वाटावी म्हणून खुणा गुन्हेगारीच्या इतिहासातून उचलल्या.

कोठारेंच्या खलनायकांचा कारखाना वेगळ्या सूत्रावर चालतो. 'थरथराट'मध्ये (१९८९) टकलू हैवान, 'धडाकेबाज'मध्ये (१९९०) कवट्या महाकाळ आणि 'झपाटलेला'मध्ये तात्याचा साथीदार कुबड्या खवीस. सूत्र सोपं आहे. पहिला शब्द शाळेत एकमेकांना चिडवताना ठेवतात तसा, शरीराकडे बोट दाखवणारा : टकलू, कवट्या, कुबड्या. दुसरा शब्द थेट भयलोकातून आणलेला. 'हैवान' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ 'प्राणी'. 'खवीस'ही अरबी 'खबीस'वरून, म्हणजे दुष्ट, अपवित्र. 'महाकाळ' तर साक्षात काळाचा काळ. चिडवायचं नाव अधिक भुताचं नाव असं हे गणित आहे. पहिल्या शब्दाला मूल खुदकन हसतं, दुसऱ्याला दचकतं आणि एका दमात दोन्ही म्हणून टाकतं. म्हणूनच ही नावं तीस-पस्तीस वर्षांनंतरही मीम्समध्ये जिवंत आहेत.

'तात्या विंचू'मध्ये मात्र सूत्र बदललं. इथे पहिला शब्द चिडवण्याचा नाही, मानाचा आहे. तात्या म्हणजे वाड्यातले, आळीतले कुणीतरी वडीलधारे. त्यांना विंचवाची नांगी लावून दिली. खरी दहशत तिथून सुरू होते, कारण तात्या प्रत्येक गावात असतातच.

यात आणखी एक खूण आहे, जी जुन्या नाट्यरसिकांना लगेच कळते. तात्या विंचू साकारणारे दिलीप प्रभावळकर यांनीच रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात चिंची चेटकीण रंगवली होती. म्हणजे ज्यांना लहानपणी चेटकिणीनं घाबरवलं, त्यांच्या पुढच्या पिढीला बाहुल्यानं घाबरवलं आणि आतला माणूस एकच! २०१८ मध्ये हे नाटक नव्या संचात आलं तेव्हा चेटकीण झाले वैभव मांगले. नाटक पाहायला आलेल्या आई-बाबांच्या डोळ्यांसमोर जुनी चेटकीण असणार आणि मुलांच्या डोळ्यांसमोर नवी. मध्यंतरात तुलना होणारच.

'तुंबाड'चं मूळ नेमकं कुणाचं?

चाहत्यांच्या चर्चेत सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय म्हणजे 'तुंबाड'. सिनेमा मोठ्यांचा आहे, मुलांना दाखवण्यासारखा नाही. पण त्याच्या पोटातली भीती लहान मुलाची आहे : घरात साखळदंडांनी बांधलेली आजी आणि तिला झोपवण्यासाठी घ्यायचं एक नाव, हस्तर.

या सिनेमाच्या मागे मोठी साखळी आहे. स्टीफन किंग यांची 'ग्रामा' ही कथा १९८४ ची. अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीसोबत घरात एकटा राहतो, एवढाच तिचा जीव. मराठी भयकथेतलं सर्वात मोठं नाव असलेल्या नारायण धारप (१९२५-२००८) यांनी त्यावरून 'आजी' ही कथा लिहिली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांच्या या कथेचा उल्लेख मुलाखतींत केला आहे. सिनेमाचं नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, जिचा भुताखेतांच्या गोष्टींशी तसा संबंध नाही. २०१८ मध्ये सिनेमा आला, २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि दुसऱ्या वेळी गर्दी जास्त झाली.

राहता राहिला हस्तर. इंग्रजी भयकथा वाचणाऱ्यांना या नावात 'हॅस्टर' ऐकू येतो. अ‍ॅम्ब्रोस बिअर्स यांच्या १८९१ च्या कथेत हे मेंढपाळांच्या एका सौम्य देवाचं नाव होतं. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्स यांनी ते 'द किंग इन यलो'मध्ये घेतलं, मग लव्हक्राफ्टनं उल्लेख केला आणि पुढच्या लेखकांनी त्याला भयानक करून टाकलं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडच्या फाट्यावर फाटे फुटत गेले. मेंढपाळांचा देव कोकणातल्या वाड्यात पोहोचेपर्यंत सव्वाशे वर्षं लागली.

धारपांच्या बाबतीत अशी उदाहरणं आणखी आहेत. त्यांच्या 'लुचाई'मागे किंग यांची 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट'. काहींना हे कळल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पण इंटरनेट नव्हतं, इंग्रजी पुस्तक तालुक्याच्या गावी मिळत नव्हतं, त्या काळात सर्क्युलेटिंग लायब्ररीतून घरोघरी पोहोचलेली ही भीती मराठी वाड्यांची, मराठी आडनावांची, मराठी देवघरांची होती. मूळ कथा शोधून दोन्ही शेजारी ठेवून वाचणारे वाचक आज धारपांना कमी लेखत नाहीत, उलट त्यांनी काय बदललं याची यादी करतात.

यात जुन्नर कुठून आलं?

आता मागे जाऊ, बरंच मागे.

वेताळ पंचविशी सगळ्यांना माहीत असते. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. राजानं तोंड उघडलं की वेताळ पुन्हा झाडावर. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी ती आणली. नंतर 'चांदोबा' मासिकानं वेताळाला घराघरांत नेलं. पंचवीस गोष्टी संपल्यावरही 'चांदोबा'चा वेताळ थांबला नाही. नव्या गोष्टी त्याच चौकटीत बसवत मालिका वर्षानुवर्षं चालली. के. सी. शिवशंकर यांनी काढलेलं तलवारधारी राजाचं आणि खांद्यावरच्या प्रेताचं चित्र आज पन्नाशीत असलेल्या वाचकालाही लख्ख आठवतं.

या गोष्टी अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं रचलेल्या 'कथासरित्सागरा'त आहेत आणि सोमदेव म्हणतो की हा ग्रंथ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'वरून केला आहे. हा गुणाढ्य कुणाच्या दरबारात होता? सातवाहन राजाच्या. तेच सातवाहन, ज्यांच्या नागनिका राणीचा शिलालेख जुन्नरजवळ नाणेघाटाच्या गुहेत आहे. कोकणातल्या बंदरांवरून घाटमाथ्यावर येणारा माल याच घाटातून चढायचा आणि जुन्नरमार्गे पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीसाठी होता, असं सांगितलं जातं.

गुणाढ्याची कहाणी स्वतःच एक भयकथा आहे आणि तिची सुरुवात होते एका शाब्दिक कोटीनं. राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. 'मा' म्हणजे नको आणि 'उदकैः' म्हणजे पाण्यानं. संधी झाला 'मोदकैः'. राजाला व्याकरण येत नव्हतं. त्यानं राणीवर उधळायला खरोखरचे मोदक मागवले! राणी हसली, राजा खजील झाला. सहा महिन्यांत राजाला संस्कृत शिकवतो, अशी पैज शर्ववर्म्यानं मारली. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, असं गुणाढ्य बोलून बसला आणि हरला.

मग तो विंध्याच्या जंगलात गेला. पिशाचांची भाषा शिकला, पैशाची. त्या भाषेत सात लाख श्लोक लिहिले, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजानं ते पाहून तोंड फिरवलं. तेव्हा गुणाढ्यानं आग पेटवली आणि एकेक पान जंगलातल्या प्राण्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. प्राणी चरणं सोडून रडत ऐकत राहिले. राजाला उपरती होईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते, उरले एक लाख.

ही आख्यायिका आहे, इतिहास नाही. पण तिच्यात सगळं आहे : ज्याला भाषा कळते त्यालाच कळणारी गंमत, भुतांच्या तोंडची गोष्ट आणि ती ऐकायला जमलेलं जंगल. नाणेघाट पाहायला शाळेची सहल गेली, तर शिलालेखासमोर ही मोदकांची गोष्ट सांगायला हरकत नाही. मुलं सातवाहनांना विसरणार नाहीत.

मराठी भुताला आपण नातं का लावतो?

इंग्रजी आणि मराठी भयकथा शेजारी ठेवल्या की एक फरक ठळक दिसतो. आपल्याकडे भीतीला नात्यानं हाक मारतात. तात्या, आजी, बागुलबुवा. प्राणी असेल तर वाघोबा, कोल्होबा, नागोबा. म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघते, त्या गोष्टीतला वाघसुद्धा तिच्याशी घरच्यासारखा बोलतो. ज्याची भीती वाटते, त्याला घरातल्या माणसासारखं नाव द्यायचं, म्हणजे त्याच्याशी बोलता येतं, सौदा करता येतो, त्याला फसवता येतं.

खऱ्या प्राण्यांच्या बाबतीतही हेच घडलं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर इथं पकडलेल्या एका बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आलं. तो शंभर किलोमीटरहून अधिक चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याचं नाव होतं 'आजोबा'. त्याच नावाचा सुजय डहाके यांचा सिनेमा २०१४ मध्ये आला. माळशेजच्या वरच्या अंगाला जुन्नर तालुका सुरू होतो, तेव्हा हे आजोबा एका अर्थी इथल्या वेशीवरूनच निघाले.

याच पट्ट्यात, अकोले-जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी गावांत, महादेव कोळी समाज वाघोबाला देव मानतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. काही गावांत गुराखी पोरं वाघ, कोल्हा, अस्वल होतात आणि बाकीचे त्यांना पुन्हा शिवारात येणार नाही असं कबूल करायला लावत शिवेबाहेर पिटाळतात. मुलांनीच रचलेला, मुलांनीच खेळलेला हा भयनाट्याचा प्रयोग आहे. कोण वाघ आहे हे सगळ्यांना माहीत असतं. काल ज्याच्याबरोबर विटीदांडू खेळला, तोच आज डरकाळी फोडतो. त्या ओळखीतच सगळी गंमत आहे.

गंमत कळली की भीती कमी होते का?

कमी होत नाही, हातात येते. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी भुताच्या घरात फिरणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजून एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा, की भीती फार कमी असली तरी मजा येत नाही आणि फार जास्त असली तरी येत नाही. मधल्या एका टप्प्यावर मजा सर्वाधिक असते. मुलांच्या भयकथेतला विनोद नेमका हे काम करतो. भीती चढत चालली की कुबड्या खवीससारखं एखादं नाव येतं आणि पारा खाली येतो. ओळखीची खूण दिसली की मूल स्वतःला सांगतं, 'हे कुणीतरी बनवलेलं आहे.'

हे वाक्य स्वतःशी म्हणता येणं, ही भयकथेची खरी शिकवण. कारण यातूनच पुढचा प्रश्न विचारता येतो : मग न बनवलेलं काय आहे?

जुन्नर-आंबेगावमध्ये हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांमुळे इथं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्यानं घर केलं. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडे सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड परिसरात झालेल्या हल्ल्यांमध्ये लहान मुलांचेही जीव गेले आणि लोक रस्त्यावर उतरले.

अशा गावांत 'जेव, नाहीतर बिबट्या येईल' हे वाक्य फार महाग पडू शकतं.

बागुलबुवा कधीच येत नाही. हे मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं. ज्या तोंडानं बागुलबुवा येईल म्हटलं, त्याच तोंडानं, त्याच सुरात बिबट्या येईल म्हटलं, तर मूल दोन्ही वाक्यं एकाच कप्प्यात टाकतं. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत खोटं बोलणारा गुराखी मुलगा होता. इथं ते काम घरातली मोठी माणसं करतात. मग संध्याकाळी घराबाहेर एकटं जाऊ नको, ही खरी सूचना आली की तीही गंमत वाटते. उलटंही होतं. काही मुलं इतकी धास्तावतात की दिवसाही शाळेची वाट धरायला तयार नसतात.

म्हणून दोन भीतींचे कप्पे वेगळे ठेवायला हवेत. भुताच्या गोष्टी भुताच्या सुरात, रात्री, पांघरुणात, हसत सांगाव्यात. बिबट्याबद्दल दिवसाउजेडी, साध्या आवाजात, माहिती म्हणून बोलावं. तो मुख्यतः संध्याकाळनंतर फिरतो. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस आणि लहान मूल त्याला सावजासारखं दिसू शकतं. अंधारात उघड्यावर शौचाला एकट्यानं बसू नये, उसाच्या कडेनं जाताना सोबत, बॅटरी आणि आवाज असावा. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जाणं हा इथला परिचित उपाय आहे. आणि हेही सांगावं, की दिसला प्रत्येक बिबट्या पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नव्हे. २००१ ते २००३ या काळात जुन्नरमध्ये ते मोठ्या प्रमाणावर करून झालं. हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असं पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलं गेलं.

खूण ओळखण्याची सवय मोबाइलवर कशी उपयोगी पडते?

मुरलेला चाहता एखादा 'संदर्भ' खरा मानण्याआधी तीन गोष्टी तपासतो. पहिली, तारखा जुळतात का? 'झपाटलेला' एप्रिलचा आणि त्याच वर्षीचा स्लॅपी हजारो मैलांवरचा, तेव्हा नकलेचा दावा तारखांवरच अडखळतो. दुसरी, बनवणारा स्वतः काही म्हणाला आहे का? 'तुंबाड' आणि धारपांच्या बाबतीत म्हणाला आहे. तिसरी, साम्य इतकं खास आहे का, की योगायोग म्हणता येणार नाही? बाहुला जिवंत होणं खास नाही, जगभर होतं. 'चार्ल्स ली रे' या तीन तुकड्यांचं एकत्र येणं खास आहे.

आता हीच चाळणी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या बिबट्याच्या व्हिडीओला लावा. व्हिडीओ कधीचा? टाकणाऱ्यानं स्वतः काढला की पुढे ढकलला? त्यातलं घर, बोर्ड, गाडीचा नंबर आपल्या भागातला आहे का? जुने, परजिल्ह्यातले आणि आता एआयनं बनवलेले व्हिडीओ आपल्या गावच्या नावानं फिरतात आणि रात्रीची झोप उडवतात. त्याहून वाईट म्हणजे खरा इशारा त्या गर्दीत हरवतो.

याचं एक आंतरराष्ट्रीय उदाहरण पालकांना आठवत असेल. २०१८-१९ मध्ये 'मोमो' नावाच्या बटबटीत डोळ्यांच्या बाईचा फोटो जगभर फिरला. ती मुलांना मेसेज करून जीव द्यायला लावते, असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात तो फोटो २०१६ मध्ये जपानच्या एका स्पेशल इफेक्ट कंपनीनं प्रदर्शनासाठी केलेल्या शिल्पाचा होता. मुलांना जीव द्यायला लावल्याचे दावे सिद्ध झाले नाहीत. घाबरून तो पसरवण्यात मुलांपेक्षा मोठी माणसं पुढे होती. भयकथांत मुरलेल्या एखाद्या मुलानं पहिला प्रश्न विचारला असता : हे बनवलं कुणी?

मग पालकांनी काय करावं?

एक, वय पाहून गोष्ट निवडा. 'अलबत्या गलबत्या' आणि वेताळाच्या गोष्टी लहानांना चालतात. 'झपाटलेला' सोबत बसून पाहावा. धारप आणि 'तुंबाड' मोठं झाल्यावर.

दोन, खूण सापडली की मुलाला ती समजावून सांगू द्या. २०२४ चा 'मुंज्या' पाहिलेल्या मुलाला विचारा, मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत त्याला माहीत नसेल तर आजीला विचारायला लावा. खवीस, हडळ, समंध, चकवा, गिऱ्हा हे शब्द आजी-आजोबांबरोबर संपत चालले आहेत. सिनेमामुळे ते परत येत असतील, तर त्यांचा अर्थही परत यायला हवा.

तीन, जिथे विज्ञानानं उत्तर दिलं आहे, तिथे तेही सांगा. पावसाळ्यात भीमाशंकर-आहुपेच्या जंगलात रात्री ओल्या, कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो. भुतं नाहीत, ती बुरशी आहे. तिच्या पेशींत होणाऱ्या रासायनिक क्रियेतून प्रकाश बाहेर पडतो. हे कळल्यावर जंगल कमी गूढ होत नाही, उलट मूल दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायला चला म्हणतं.

चार, बिबट्या दिसला किंवा ताज्या पाऊलखुणा आढळल्या, तर ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या. कवट्या महाकाळचं नाव ज्यांच्या तोंडात बसतं, त्यांना चार आकडे जड नाहीत.